दुपारपर्यंत जड होणारा टॅब: ब्राउझरमधली मेमरी लीक शोधायची कशी

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी बनवलेल्या भावफलकाबद्दल हा प्रश्न आहे. भिंतीवरच्या टीव्हीला ४ जीबी रॅमचा छोटा पीसी जोडलाय. सकाळी ९ वाजता क्रोममध्ये पान उघडतात. त्यात सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी अशा मालाच्या प्रतीनुसार ४० ओळी असतात आणि दर ५ सेकंदांनी सर्व्हरकडून ताजे भाव येतात. दुपारनंतर पान अडखळायला लागतं, ३ च्या सुमारास टॅब 'आउट ऑफ मेमरी' दाखवून बसतो. रिफ्रेश केलं की पुन्हा काही तास ठीक. विचारणाऱ्यांना शंका आहे की गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा ब्राउझरचा भाग) चालतच नाही. तो कोडमधून चालवता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

पानातल्या कोडमधून तो चालवता येत नाही, आणि आला असता तरी उपयोग झाला नसता. कलेक्टर तुमच्या पानावर सकाळपासून कितीतरी वेळा फिरून गेलेला असणार. त्याचं काम ठरलेलं आहे: विंडो ऑब्जेक्ट, चालू असलेली फंक्शनं, पानाला जोडलेला डॉम (पानातल्या घटकांचं झाड), सुरू असलेले टायमर या मुळांपासून निघायचं, संदर्भांच्या साखळीने जिथपर्यंत पोचता येईल ते सगळं ठेवायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं. ज्या ऑब्जेक्टकडे जायला एक जरी वाट शिल्लक असेल, तो त्याच्या लेखी वापरात आहे. तुम्हाला तो नकोय हे त्याला कळायची सोय नाही. त्यामुळे लीकचा, म्हणजे काम संपूनही न सुटणाऱ्या मेमरीचा, तपास करताना विचारायचा प्रश्न एकच: हे कोणी धरून ठेवलंय?

दुपारी पान मंद का होतं, हे समजायला थोडी आतली माहिती लागते. क्रोमचं व्ही८ इंजिन नवे ऑब्जेक्ट मोजक्या मेगाबाइटांच्या एका छोट्या जागेत बनवतं. ती भरली की स्कॅव्हेंजर पटकन फिरतो, जिवंत असतील तेवढे ऑब्जेक्ट उचलतो आणि बाकीची जागा मोकळी करतो. दोन फेऱ्यांत वाचलेला ऑब्जेक्ट जुन्या पिढीत जातो. जुन्या पिढीची सफाई मार्क-कॉम्पॅक्ट पद्धतीने होते, आणि तिचा खर्च ठरतो तो जिवंत ऑब्जेक्टांच्या संख्येवर, कचऱ्यावर नव्हे. लीक होणारे ऑब्जेक्ट जिवंतच गणले जातात. म्हणजे सकाळी काही हजार ऑब्जेक्टांवर खुणा करणारा कलेक्टर दुपारी लाखो ऑब्जेक्टांमधून फिरत असतो. मार्किंगचा मोठा भाग मुख्य थ्रेडबाहेर होतो हे खरं, पण स्वस्तातल्या दोन कोरच्या पीसीवर ते बाजूचे थ्रेडसुद्धा त्याच प्रोसेसरवर हक्क सांगतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात हे बसत नाही.

आधी कुठला आकडा बघायचा

परफॉर्मन्स.मेमरीचे आकडे दर मिनिटाला कन्सोलमध्ये छापणं बंद करा. ती क्रोमपुरती, वेबच्या अधिकृत प्रमाणात नसलेली सोय आहे, आकडे मुद्दाम ढोबळ करून दिलेले असतात आणि ते फक्त जावास्क्रिप्टच्या हीपबद्दल, म्हणजे तिचे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीबद्दल, बोलतात. त्याऐवजी शिफ्ट आणि एस्केप दाबून क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडा, कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून 'जावास्क्रिप्ट मेमरी' हा कॉलम चालू करा. आता दोन आकडे शेजारी दिसतील. 'मेमरी फूटप्रिंट' म्हणजे त्या प्रोसेसने ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतलेली एकूण मेमरी. 'जावास्क्रिप्ट मेमरी' म्हणजे व्ही८चा हीप, आणि कंसात 'लाइव्ह' म्हणून दिलेला आकडा म्हणजे त्यातले खरोखर पोचता येणारे ऑब्जेक्ट.

इथेच वाटा फुटतात. लाइव्ह आकडा तासागणिक चढत असेल तर लीक जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टांत आहे. हीप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी हीपमध्ये असलेल्या सगळ्या ऑब्जेक्टांची नोंद, कामाला येईल. लाइव्ह जागच्या जागी आणि फूटप्रिंट मात्र चढतोय, असं असेल तर गडबड हीपबाहेर आहे: फोटो, कॅनव्हास, ब्लॉब (फाइलसारखा कच्चा डेटा), ऑडिओ, डॉम नोड. हे न बघता स्नॅपशॉट घेत बसलं तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. चढउतार तर दोन्हीकडे होणारच. हीपचा आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली होतो, ते निरोगी लक्षण आहे. बघायचं ते दातांचं टोक नाही, तळ. प्रत्येक मोठ्या सफाईनंतरचा तळ आधीच्या तळापेक्षा वर राहत असेल, आणि हे पाच-सहा वेळा ओळीने होत असेल, तरच लीक म्हणा.

आलेख बघायला डेव्हटूल्सच्या (क्रोममधल्या डेव्हलपरसाठीच्या साधनांच्या) परफॉर्मन्स पॅनेलमध्ये 'मेमरी'ची चौकट टिक करून रेकॉर्डिंग घ्या. सुरुवातीला आणि शेवटी 'कलेक्ट गार्बेज'चं बटण दाबा. हीपसोबत डॉक्युमेंट, नोड (डॉममधला एकेक घटक किंवा मजकूर) आणि लिसनर (क्लिकसारखी घटना घडली की चालणारं फंक्शन) यांच्या रेघाही मिळतात. अशा फलकात नोड आणि लिसनर या दोन रेघा हीपपेक्षा लवकर खरं सांगतात. कारण साधं आहे: हीपच्या मेगाबाइटांत बाकीचा गोंधळ मिसळतो, नोडची संख्या मात्र पायरी-पायरीने चढते आणि प्रत्येक पायरीची उंची मोजता येते.

तुमच्या पानाचा हिशेब करून बघा. ४० ओळी, प्रत्येकी ६ रकाने: ४० ओळींचे आणि २४० रकान्यांचे मिळून २८० घटक, त्यांत २४० मजकुराचे नोड, एकूण ५२०. दर ५ सेकंदांनी म्हणजे तासाला ७२० वेळा. ९ ते ३ या ६ तासांत ४,३२० वेळा. प्रत्येक वेळी जुन्या ओळी सुटल्याच नाहीत, तर ३ वाजता २२,४६,४०० नोड लोंबकळत असतील. ६४-बिट क्रोममध्ये व्ही८चा हीप फार तर ४ जीबीच्या आसपास जाऊ शकतो, आणि कमी रॅमच्या यंत्रावर मर्यादा त्याहून खाली असते. इथे तर मुळात रॅमच ४ जीबी, आणि त्यातली बरीच विंडोजने आधीच घेतलेली.

तपासाआधी खोटे आरोपी बाजूला काढा

डेव्हटूल्स स्वतःच मेमरी धरून ठेवतात. कन्सोलमध्ये छापलेला प्रत्येक ऑब्जेक्ट कन्सोल साफ करेपर्यंत जिवंत राहतो, कारण तुम्ही तो उलगडून बघू शकला पाहिजे. तुमच्या कोडमध्ये 'नवे भाव आले' म्हणून अख्खा ऑब्जेक्ट छापणारी ओळ असेल तर ती आधी काढा. एलिमेंट्स पॅनेलमध्ये निवडलेला घटकही डॉलर-शून्य या नावाने धरलेला असतो. कन्सोलमध्ये शेवटी आलेलं उत्तरही तसंच.

एक्स्टेन्शन दुसरे. क्रोमच्या पाहुण्याच्या ('गेस्ट') प्रोफाइलमध्ये पान उघडा. तिथे एक्स्टेन्शन नसतात. तिसरी गोष्ट, चाचणीचा टॅब नजरेसमोर ठेवा. मागे गेलेल्या टॅबचे टायमर क्रोम सेकंदाला एकदावर आणतो, आणि काही परिस्थितीत मिनिटाला एकदावर. त्यामुळे मागच्या टॅबमध्ये लीक आहे त्यापेक्षा मंद दिसते. उलटंही घडतं: वेबसॉकेटवरून (सर्व्हरशी उघडी राहणारी जोडणी) येणारे भाव तुम्ही रांगेत टाकत असाल आणि ती रांग रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेममध्ये (दर फ्रेम काढण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये) उपसत असाल, तर मागच्या टॅबमध्ये उपसा पूर्ण थांबतो आणि आवक चालूच राहते. याला लीक म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. टॅब मात्र दोन्ही बाबतींत मरतो.

स्नॅपशॉट कसे घ्यायचे

५ सेकंदांच्या टायमरच्या भरवशावर चाचणी करू नका. टायमर बंद करून फलक ताजं करणारं फंक्शन विंडोवर टांगा, म्हणजे कन्सोलमधून हवं तेव्हा, हव्या तितक्या वेळा चालवता येईल. मिनिफाय केलेल्या, म्हणजे आकार कमी करायला नावं छोटी केलेल्या, बिल्डवर हे करू नका. तिथे सगळ्या क्लासची नावं 'ए', 'टी', 'एन' अशी दिसतात आणि डोकं बधिर होतं. डेव्हलपमेंट बिल्ड वापरा.

पान उघडून फंक्शन दोन-तीनदा चालवा. पहिल्या फेऱ्यांत फॉन्ट, कॅशे, कंपाइल झालेला कोड असं बरंच एकदाच येऊन बसतं. ते मोजणीत नको. मग मेमरी पॅनेलमधून पहिला हीप स्नॅपशॉट घ्या. फंक्शन ७ वेळा चालवा, दुसरा घ्या. आणखी ७ वेळा चालवा, तिसरा घ्या. स्नॅपशॉटआधी डेव्हटूल्स स्वतः सफाई करून घेतं, त्यामुळे त्यात जे दिसतं ते सगळं कोणी ना कोणी धरलेलंच असतं.

७ का, तर ती सहसा योगायोगाने न येणारी संख्या आहे. १० वेळा केलं तर १०, २०, ५० असे आकडे इतर कारणांनीही दिसतात. तिसरा स्नॅपशॉट निवडून वरच्या यादीत 'पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये तयार झालेले ऑब्जेक्ट' असा पर्याय घ्या. त्या मधल्या ७ फेऱ्यांत जन्मलेले आणि पुढच्या ७ फेऱ्या उलटूनही न गेलेले, एवढेच उरतील. त्यातून ७ च्या पटीतले आकडे शोधा. तुमच्या बाबतीत गाळणीच्या चौकटीत 'डिटॅच्ड' लिहून बघा. 'डिटॅच्ड टीआर'समोर २८० दिसलं तर ७ गुणिले ४० ओळी, हिशेब जुळला. डिटॅच्ड म्हणजे पानाच्या झाडातून काढलेला, तरी जावास्क्रिप्टमधून कुठून तरी धरलेला नोड.

यादीत 'शॅलो साइज' आणि 'रिटेन्ड साइज' असे दोन कॉलम असतात. पहिला म्हणजे त्या ऑब्जेक्टचं स्वतःचं वजन, दुसरा म्हणजे तो गेला तर एकूण किती मेमरी सुटेल. क्रम रिटेन्डनुसार लावा. पण सर्वांत वर 'स्ट्रिंग', 'ॲरे', 'कंपाइल्ड कोड' दिसले म्हणून घाबरू नका, त्यात हात घालू नका. ते दुसऱ्या कोणाच्या तरी आधाराने आहेत. तुमच्या ओळखीच्या नावाचा, संख्या जुळणारा ऑब्जेक्ट आधी धरा.

आता त्या २८० पैकी कोणतीही एक ओळ निवडा आणि खालचं 'रिटेनर्स' उघडा. खरं काम इथे आहे. ही यादी खालून मुळाकडे जाते: ओळीला कोणी धरलंय, त्याला कोणी, त्याला कोणी. 'डिस्टन्स' म्हणजे मुळापासूनचं अंतर. कमी अंतराच्या वाटेने जा. अशा फलकात वाट साधारण अशी निघते: टीआर हा 'ओळी' नावाच्या ॲरेमध्ये, ॲरे एका 'कॉन्टेक्स्ट'मध्ये (फंक्शनला लागणारी बाहेरची व्हेरिएबल ठेवायची जागा), तो कॉन्टेक्स्ट 'मापबदल' नावाच्या फंक्शनचा, ते फंक्शन एका इव्हेंट लिसनरमध्ये आणि लिसनर विंडोवर. पाच पायऱ्यांत सगळी कथा. फंक्शनच्या नावाशेजारी फाइल आणि ओळीचा दुवा असतो, त्यावर टिचकी मारली की थेट कोड.

एकाच ऑब्जेक्टला दोन-तीन धनी असू शकतात. एक वाट तोडली आणि संख्या तशीच राहिली, तर दुरुस्ती चुकली असं लगेच समजू नका. दुसरी वाट बघा. क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत रिटेनरवर राइट क्लिक करून तो दुर्लक्षित करता येतो, म्हणजे हा नसता तर आणखी कोणी धरलं असतं ते लगेच दिसतं.

बहुतेक वेळा काय सापडतं

सापडलेली वाट सांगते की फलक ताजा करताना दर वेळी विंडोच्या रिसाइज इव्हेंटला नवा लिसनर लागतोय, आणि त्याच्या क्लोजरमध्ये, म्हणजे त्याने सोबत धरलेल्या बाहेरच्या व्हेरिएबलांत, त्या वेळच्या ओळी अडकल्यात. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'सगळे लिसनर काढत जा'. तो अर्धवट आहे. ओळीवर लावलेला क्लिकचा लिसनर ओळीसोबतच जातो. आजच्या ब्राउझरांत तो लीक करत नाही. ही भीती २००० च्या दशकातल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळातली. तेव्हा डॉम आणि जावास्क्रिप्ट यांची मेमरी वेगवेगळ्या पद्धतीने सांभाळली जायची आणि दोघांनी एकमेकांना धरलं की कोणीच सोडायचं नाही. आज क्रोम दोन्ही हीप एकत्र पिंजून काढतो, आणि फायरफॉक्समध्ये अशी चक्रं शोधणारा वेगळा सायकल कलेक्टर आहे. धोका आहे तो दीर्घायुषी ऑब्जेक्टवर अल्पायुषी गोष्टीसाठी लावलेल्या लिसनरमध्ये: विंडो, डॉक्युमेंट, वेबसॉकेट, जागतिक इव्हेंट बस.

काढतानाही चूक होते. रिमूव्हइव्हेंटलिसनरला तेच फंक्शन द्यावं लागतं जे लावताना दिलं होतं. लावताना बाइंड केलेलं आणि काढताना पुन्हा बाइंड केलेलं, ही दोन वेगळी फंक्शनं झाली. काढणं गुपचूप फसतं, एरर येत नाही. त्यापेक्षा अबॉर्टकंट्रोलर बनवा, त्याचा सिग्नल प्रत्येक लिसनर लावताना पर्यायांत द्या, आणि फलक मोडताना एकदा अबॉर्ट म्हणा. त्या सिग्नलचे सगळे लिसनर एका झटक्यात जातात. तुमच्या पानात तर रिसाइजचा लिसनर पान उघडताना एकदाच लावायचा आणि ओळी त्या क्षणी टेबलमधून शोधायच्या, एवढंच पुरतं. आणि खरं म्हणजे दर ५ सेकंदांनी ४० ओळी पाडून पुन्हा बांधायच्याच कशाला? बदललेल्या रकान्याचा मजकूर बदला. लीक जाईल, शिवाय नव्या पिढीतली उलाढालही कमी होईल.

मराठवाड्यात हमखास भेटणारं दुसरं कारण म्हणजे पुन्हा जोडणी. लाइट जाते, राउटर बंद पडतो, पीसी इन्व्हर्टरवर चालूच राहतो. वेबसॉकेट तुटलं की कोड नवं सॉकेट उघडतो आणि त्यासोबत 'जिवंत आहे का' विचारणारा नवा सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने चालणारा टायमर) सुरू करतो. जुना कोणी थांबवत नाही. चालू इंटरव्हल हे मूळच आहे, त्यामुळे त्याने धरलेलं जुनं सॉकेट, त्याचे हँडलर, हँडलरांनी धरलेला डेटा, सगळं जिवंत. दिवसात दहा वेळा लाइट गेली तर अकरा टायमर चालू. ही लीक ऑफिसच्या चांगल्या इंटरनेटवर कधीच दिसत नाही, आणि दुकानात रोज दिसते. तपासायला राउटरची वायर ७ वेळा काढून लावा आणि स्नॅपशॉटमध्ये 'वेबसॉकेट' किती आहेत ते मोजा. एकच असायला हवा. नवं सॉकेट उघडण्याआधी क्लिअरइंटरव्हल, जुन्याचे हँडलर रिकामे, मग क्लोज, हा क्रम पाळा.

भावाचा इतिहास ठेवणारा ॲरे बघा. वर-खाली बाण दाखवायला मागचा एक भाव पुरतो, पण बहुतेक कोडमध्ये प्रत्येक नोंद ॲरेत ढकललेली असते आणि काढणारं कोणी नसतं. ६ तासांत ४० गुणिले ४,३२०, म्हणजे १,७२,८०० ऑब्जेक्ट. मर्यादा घाला, समजा प्रत्येक मालाचे शेवटचे १०० भाव. कॅशेला मर्यादा नसेल तर ती लीकच, नाव काहीही द्या.

आलेख काढत असाल तर चार्ट.जेएस आपल्या सगळ्या आलेखांची यादी स्वतःकडे ठेवतं. कॅनव्हास काढून टाकून नवा आलेख बनवला, तर जुना डिस्ट्रॉय म्हटल्याशिवाय सुटत नाही. इथेही नवा बनवण्यापेक्षा डेटा बदलून अपडेट बोलावणं बरं. लीफलेटच्या नकाशाला तसंच रिमूव्ह. रिॲक्ट वापरत असाल तर यूजइफेक्टमधून परत केलेलं साफसफाईचं फंक्शन, ॲंग्युलरमध्ये सबस्क्रिप्शन सोडणं. नियम एकच की ज्याने उघडलं त्यानेच बंद करायची जागा तिथेच लिहायची.

दोन कारणं कोड वाचून सहसा सापडत नाहीत. पहिलं, सामायिक क्लोजर. एकाच फंक्शनच्या आत दोन छोटी फंक्शनं बनवली आणि त्यातलं एक मोठा डेटा वापरतंय, तर व्ही८ दोघांसाठी एकच कॉन्टेक्स्ट बनवतं. डेटा न वापरणारं दुसरं फंक्शन तुम्ही कुठेतरी टायमरला दिलं, तरी तो मोठा डेटा त्याच्यासोबत जगतो. रिटेनर्समध्ये अशा फंक्शनखाली कॉन्टेक्स्ट आणि त्यात भलतंच व्हेरिएबल दिसलं की हेच समजा. दोन्ही फंक्शनं वेगळ्या पातळीवर काढा.

दुसरं, कापलेली स्ट्रिंग. सर्व्हरकडून ४०० केबीचा मजकूर आला, त्यातून तुम्ही सबस्ट्रिंगने १६ अक्षरांची तारीख-वेळ काढून ठेवली. व्ही८ किमान १३ अक्षरांच्या तुकड्यासाठी प्रत बनवत नाही, मूळ स्ट्रिंगकडे बोट दाखवतं. १६ अक्षरांपायी ४०० केबी अडकून पडतात. तारीख आकड्यात बदलून ठेवा, प्रश्न संपला.

वीकमॅप आणि वीकरेफ (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारे संदर्भ) सगळीकडे लावायचा मोह टाळा. डॉम नोडशी जोडलेली माहिती ठेवायला वीकमॅप उत्तम, कारण नोड गेला की नोंद जाते. पण किल्ली म्हणून वापरलेला ऑब्जेक्ट दुसरीकडे धरलेला असेल तर वीकमॅप काहीच करत नाही. जावास्क्रिप्टच्या २०२१ च्या अधिकृत प्रमाणात आलेले वीकरेफ आणि फायनलायझेशनरजिस्ट्री तर शेवटचा उपाय; ऑब्जेक्ट गेल्यावर कॉलबॅक येईलच अशी हमी नाही, त्यामुळे सॉकेट बंद करण्यासारखं काम त्यावर सोडू नका. फंक्शनच्या शेवटी स्थानिक व्हेरिएबल नल करत बसण्याचीही गरज नसते.

हीप शांत, पण मेमरी चढतेय

याच दुकानाच्या आवकेच्या पानावर मालाचे फोटो चढवत असतील तर हे लागेल. १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ३-४ एमबी असला तरी डिकोड झाल्यावर ४,००० गुणिले ३,००० गुणिले ४ बाइट, म्हणजे ४.८ कोटी बाइट, साधारण ४६ एमबी. पाच फोटोंचे पाच कॅनव्हास म्हणजे २३० एमबीच्या आसपास. हीप स्नॅपशॉटमध्ये यातलं जवळपास काहीच दिसत नाही, कॅनव्हासचा नोड काही बाइटांचा दिसतो. २ जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर याला लीकसुद्धा लागत नाही: कॅमेऱ्यातून परत येईपर्यंत सिस्टीमने टॅब मारलेला असतो आणि भरलेला फॉर्म जातो. क्रिएटइमेजबिटमॅपला छोटी रुंदी देऊन घ्या, समजा १,२८०, काम झालं की बिटमॅपवर क्लोज म्हणा आणि कॅनव्हासची रुंदी-उंची शून्य करा. क्रिएटऑब्जेक्टयूआरएलने बनवलेला प्रत्येक पत्ता रिव्होक करा. नाहीतर त्यामागचा ब्लॉब पान बंद होईस्तोवर जगतो. फोनवरचं पान तपासायला यूएसबी डीबगिंग चालू करून पीसीवरच्या क्रोममध्ये 'क्रोम://इन्स्पेक्ट' उघडा, सगळी डेव्हटूल्स तिथे मिळतात.

हीपबाहेरच्या गोष्टींसाठी फायरफॉक्सचं 'अबाउट:मेमरी' क्रोमपेक्षा उजवं आहे. 'मेझर' दाबलं की प्रत्येक पानाखाली डॉम, स्टाइल, जावास्क्रिप्ट, फोटो असं वेगळं वजन मिळतं. दोन अहवाल साठवून त्यांतला फरकही बघता येतो. जीसी आणि सीसी अशी वेगळी बटणं आहेत. आधी 'मिनिमाइझ मेमरी यूसेज' दाबून मगच मोजा.

दुरुस्तीनंतर

दुकानात लावून ३ वाजायची वाट बघू नका. टायमर ५ सेकंदांऐवजी २०० मिलिसेकंद करा. ४,३२० फेऱ्या साधारण साडेचौदा मिनिटांत होतात. नोडची रेघ सुरुवातीच्या पातळीवर परत यायला हवी, लिसनर वाढता कामा नयेत, लाइव्ह आकड्याचा तळ सपाट हवा. हेच कायमचं तपासायचं असेल तर पपेटियर या क्रोम कोडमधून चालवणाऱ्या साधनाचं मेट्रिक्स फंक्शन नोड, लिसनर आणि वापरलेला हीप हे आकडे देतं. मेटाने २०२२ मध्ये खुलं केलेलं मेमलॅब स्नॅपशॉटांची तुलना आपोआप करून रिटेनरची वाट छापतं. क्रोम सुरू करताना व्ही८ला एक्स्पोज-जीसी हा फ्लॅग दिला तर सफाई हाताने बोलावता येते, पण ते चाचणीपुरतंच.

दुरुस्ती होईपर्यंत धंदा चालवायला दुपारी सौदे सुरू व्हायच्या आधी पान आपोआप रिलोड करणं चालेल. भिंतीवरच्या पडद्यांसाठी रात्री एकदा क्रोम बंद करून उघडणं तर मी तसंही सुचवेन, लीक असो वा नसो.

इतकं करूनही वाट सापडली नाही, तर इथे रिटेनर्सच्या पहिल्या पाच-सहा ओळी आणि क्रोमची आवृत्ती लिहा. स्नॅपशॉटची फाइल कोणाला पाठवू नका. तिच्यात पानाच्या हीपमधली प्रत्येक स्ट्रिंग जशीच्या तशी असते: लॉगिनचं टोकन, शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, पट्टीच्या रकमा.